तटबंदी आणि दिंडी दरवाजा : दूरदृश्य बैठकीची सुरक्षित वाट

१ मार्च २०२४ रोजी रशियाच्या सरकारी माध्यमांतून जर्मन हवाई दलाच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या संभाषणाचे सुमारे ३८ मिनिटांचे ध्वनिमुद्रण जगजाहीर झाले. विषय अत्यंत नाजूक होता : युक्रेनला टॉरस क्षेपणास्त्रे दिली गेलीच, तर ती कशी वापरली जातील. संभाषण फेब्रुवारीत वेबेक्स या दूरदृश्य प्रणालीवर झाले होते. काही दिवसांतच जर्मनीचे संरक्षणमंत्री बोरिस पिस्टोरियस यांनी प्राथमिक चौकशीचा निष्कर्ष सांगितला. यंत्रणा फोडली गेली नव्हती. सहभागींपैकी एक अधिकारी सिंगापूरहून, नियमांत न बसणाऱ्या जोडणीवरून बैठकीत आला होता आणि गळती तिथून झाली.

परदेशस्थ मराठी व्यावसायिकांपैकी बहुतेकांना ही परिस्थिती अपरिचित वाटणार नाही. क्षेपणास्त्रे आपल्या बैठकीत नसतात, पण विलीनीकरणाचे आकडे असतात, रुग्णांची माहिती असते, निविदेतील दर असतात, अद्याप बाजारात न आलेल्या उत्पादनाचे आराखडे असतात. आणि आपणही हॉटेलच्या वायफायवरून, विमानतळाच्या प्रतीक्षालयातून किंवा सुट्टीत पुण्याच्या घरातून त्या बैठकीत शिरत असतो. शिरताना आपला आवाज आणि चित्र कोणत्या वाटेने जाते, त्या वाटेवर कोण उभे असते आणि कुलपाची किल्ली कोणाच्या हाती असते, हे समजून घेणे आता केवळ संगणक विभागाचे काम उरलेले नाही.

तटबंदीला चित्र का आवडत नाही?

कार्यालयाच्या जाळ्याभोवती असलेली फायरवॉल एका साध्या नियमावर चालते : आतून बाहेर गेलेल्या मागणीचे उत्तर परत येऊ द्यायचे, बाहेरून न बोलावता आलेल्यास दारातच थांबवायचे. संकेतस्थळ पाहण्यासाठी हा नियम उत्तम आहे. दूरध्वनी आणि दूरदृश्य बैठक यांचा स्वभाव मात्र नेमका उलटा आहे. तिथे बाहेरच्याने न बोलावता येणे, म्हणजेच घंटी वाजणे, हाच तर मूळ व्यवहार!

दुसरी अडचण पत्त्यांची. इंटरनेटवरील पत्ते अपुरे पडू लागले तेव्हा १९९० च्या दशकात ‘नॅट’ ही युक्ती रूढ झाली. कार्यालयातील शेकडो संगणकांना १० किंवा १९२.१६८ ने सुरू होणारे खासगी पत्ते द्यायचे आणि बाहेर पडताना त्या सर्वांवर एकच सार्वजनिक पत्ता चिकटवायचा. एखाद्या मोठ्या गृहसंकुलाचा पत्ता टपालखात्याला ठाऊक असावा, पण आतील सदनिकांचे क्रमांक फक्त पहारेकऱ्याच्या वहीत असावेत, तसे हे.

आता दूरदृश्य बैठकीची जुनी भाषा पाहू. एच.३२३ हे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचे प्रमाण १९९६ चे. एसआयपी हे त्यानंतरचे. त्याची आजही आधारभूत मानली जाणारी आवृत्ती २००२ ची. दोन्हींत आधी बोलणी होतात, मग प्रत्यक्ष आवाज आणि चित्र वाहू लागते. बोलणी ठरावीक दारांवर होतात, एच.३२३ साठी १७२० आणि एसआयपीसाठी ५०६० व ५०६१. पण या बोलण्यांच्या आत प्रत्येक यंत्र दुसऱ्याला सांगते, ‘माझे चित्र या पत्त्यावर, या क्रमांकाच्या दारावर पाठव.’ तो पत्ता असतो खासगी आणि दाराचा क्रमांक असतो ऐनवेळी निवडलेला. नॅट पाकिटावरचा पत्ता बदलते, आतल्या पत्रात लिहिलेला पत्ता मात्र तसाच राहतो. पलीकडचे यंत्र त्या खासगी पत्त्यावर चित्र धाडते आणि ते वाटेतच हरवते. घंटी वाजते, कॉल जुळतो, पण पडदा काळा राहतो. किंवा आपला आवाज त्यांना जातो, त्यांचा आपल्याला येत नाही. अनेकांनी अनुभवलेल्या या एकतर्फी संवादाचे एक मोठे कारण हे आहे.

काही राउटर पाकीट उघडून पत्रातील पत्ताही बदलण्याचा प्रयत्न करतात. पण बोलणी कूटबद्ध असली की त्यांना पत्र वाचता येत नाही, आणि कूटबद्ध नसली तरी अर्धवट दुरुस्तीमुळे गोंधळ वाढतो. म्हणूनच राउटरमधील ‘एसआयपी एएलजी’ नावाची ही सोय बंद ठेवा, असा सल्ला जाणकार बहुधा पहिल्याच भेटीत देतात.

सोपा उपाय आणि त्याची किंमत

या अडचणीवर अनेक संस्थांनी वर्षानुवर्षे एक सोपा उपाय केला : बैठकीच्या खोलीतील यंत्रच तटबंदीबाहेर ठेवले. त्याला थेट सार्वजनिक पत्ता दिला, की नॅट नाही आणि अडथळाही नाही.

जानेवारी २०१२ मध्ये रॅपिड७ या सुरक्षा कंपनीतील एच. डी. मूर यांनी त्याचे परिणाम दाखवून दिले. इंटरनेटच्या सुमारे ३ टक्के पत्त्यांची त्यांनी पाहणी केली. एच.३२३ ला उत्तर देणारी सुमारे अडीच लाख यंत्रे सापडली आणि त्यांतील पाच हजारांच्या आसपास यंत्रे येणारा कॉल आपोआप उचलत होती. ही यंत्रे संचालक मंडळांच्या दालनांत, वकिलांच्या आणि गुंतवणूकदारांच्या कार्यालयांत बसवलेली होती. कोणीही कॉल करावा, यंत्राने तो मुकाट्याने उचलावा, आणि दुरून कॅमेरा फिरवून, मोठा करून खोली न्याहाळावी, अशी ती अवस्था होती. कुलूप तोडावे लागत नव्हते, कारण कुलूप नव्हतेच.

उघड्या यंत्रांवरील दुसरा उपद्रव तुलनेने किरकोळ, पण खर्चिक आहे. इंटरनेटवर अखंड फिरणारे स्वयंचलित कार्यक्रम ५०६० आणि १७२० ही दारे ठोठावत असतात. एखादे यंत्र किंवा प्रवेशद्वार बाहेरच्या दूरध्वनी जाळ्याला जोडलेले आणि ढिले आढळले, की त्याच्यामार्फत महागडे आंतरराष्ट्रीय कॉल लावले जातात आणि बिल संस्थेच्या नावावर येते. रात्री दालनातील यंत्रावर अनोळखी क्रमांकांचे ‘भुताटकीचे’ कॉल येऊ लागले, तर भुताचा विचार न करता फायरवॉलचे नियम तपासावेत.

दिंडी दरवाजा

आपल्या किल्ल्यांच्या महादरवाजाला एक छोटी दिंडी असते. मोठा दरवाजा न उघडता एका माणसाला, वाकून, पहारेकऱ्याच्या नजरेसमोरून आत घेण्याची ती सोय. दूरदृश्य बैठकीचे प्रवेशद्वार, ज्याला व्यवसायात ‘गेटवे’ म्हणतात, हे असेच असते.

त्याची कल्पना थोडक्यात अशी : बाहेरून आत येणारी जोडणी तटबंदीला चालत नाही, तर आतल्यानेच आधी बाहेर जाऊन हात धरून ठेवायचा. नॉर्वेच्या टँडबर्ग कंपनीने ही पद्धत आपल्या उपकरणांत रुजवली. २०१० मध्ये सिस्कोने टँडबर्ग विकत घेतली आणि आज ही रचना ‘एक्स्प्रेसवे’ या नावाने ओळखली जाते. एच.३२३ साठी हीच पद्धत २००५ मध्ये एच.४६०.१८ आणि एच.४६०.१९ या आंतरराष्ट्रीय प्रमाणांत नोंदली गेली.

या रचनेत दोन सर्व्हर असतात. एक तटबंदीच्या आत. दुसरा आतल्या आणि बाहेरच्या तटांच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यात, ज्याला ‘डीएमझेड’ म्हणतात. आतला सर्व्हर स्वतःहून बाहेरच्याशी जोडणी करतो आणि ती सतत जिवंत ठेवतो. बाहेरून कॉल आला की तो मधल्या पट्ट्यातील सर्व्हरपाशी थांबतो. तो सर्व्हर, आधीच जुळलेल्या जोडणीतून, आतल्या साथीदाराला निरोप देतो. आतला साथीदार कॉल वैध आहे का ते तपासतो आणि चित्र व आवाजासाठी लागणाऱ्या नव्या वाटा पुन्हा आतून बाहेरच उघडतो. फायरवॉलच्या दृष्टीने सगळा व्यवहार आतून बाहेर गेलेला असतो. तिचा नियम एकदाही मोडत नाही.

या मांडणीचा आणखी एक लाभ आहे. घरून किंवा परदेशातून काम करणारा कर्मचारी व्हीपीएन न लावताही याच दिंडीतून आपल्या कार्यालयीन दूरध्वनीपर्यंत आणि बैठकीपर्यंत पोहोचू शकतो. त्याला संपूर्ण किल्ल्यात वावरण्याची मुभा मिळत नाही. ज्या दालनात काम आहे तेवढेच दालन त्याच्यासाठी उघडते.

ब्राउझरमधली वाटाघाटी

आज बहुतेक बैठका टीम्स, झूम, मीट किंवा वेबेक्सवर होतात आणि मध्यभागी सेवादाराचा सर्व्हर असतो. तरी नॅटची अडचण संपत नाही. ती सोडवण्याची पद्धत बदलते. ब्राउझरमधील संवादासाठीच्या वेबआरटीसी या प्रमाणाला डब्ल्यू३सी या संस्थेने जानेवारी २०२१ मध्ये अंतिम मान्यता दिली. त्यात तीन साधने एकत्र काम करतात.

‘स्टन’ हा बाहेर ठेवलेला आरसा आहे. आपले यंत्र त्याला विचारते, ‘तुला मी कोणत्या पत्त्यावरून दिसतो?’ त्याच्या उत्तरातून यंत्राला स्वतःचा सार्वजनिक पत्ता कळतो. ‘टर्न’ हा मध्यस्थ आहे. दोन बाजूंना थेट भेटताच येत नसेल, तर दोघे आपापला प्रवाह त्याच्याकडे देतात आणि तो पुढे पोहोचवतो. ‘आइस’ ही निवडीची पद्धत आहे. शक्य असलेल्या सर्व वाटांची यादी करायची, प्रत्येक वाट तपासायची आणि चालणाऱ्या वाटांपैकी सर्वांत चांगली घ्यायची. कॉल जोडताना लागणाऱ्या क्षणभरात ही सारी वाटाघाटी घडते.

येथे एक तपशील व्यवहारात फार महत्त्वाचा ठरतो. आवाज आणि चित्र साधारणपणे यूडीपी या पद्धतीने धाडतात. तिच्यात हरवलेला तुकडा पुन्हा मागितला जाईलच असे नाही, कारण अर्ध्या सेकंदाने आलेला शब्द संभाषणात निरुपयोगी असतो. टीम्ससाठी मायक्रोसॉफ्टने यूडीपीची ३४७८ ते ३४८१ ही दारे सांगितली आहेत. अनेक कार्यालये आणि हॉटेले यूडीपी सरसकट अडवतात. मग प्रवाह ४४३ क्रमांकाच्या, म्हणजे सामान्य संकेतस्थळांच्या, टीसीपी दारातून नेला जातो. टीसीपी हरवलेला तुकडा परत आल्याशिवाय पुढचा सोडत नाही. एक बैल अडला की मागची सारी रांग खोळंबावी, तसे होते. बैठक चालते, पण आवाज तुटतो, चेहरा गोठतो आणि आपण इंटरनेटच्या वेगाला दोष देत राहतो.

सुरक्षित वाट, पण लांबचा फेरा

दुबईतील एखादा अभियंता न्यू जर्सीतील कंपनीसाठी काम करतो. कंपनीचा नियम असा, की सर्व रहदारी व्हीपीएनमधून मुख्यालयात यावी. त्याची बैठक मुंबईतील सहकाऱ्यांशी आहे आणि बैठकीचा सर्व्हरही मुंबईत आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. दुबई ते मुंबई हे सुमारे १,९०० किलोमीटरचे सरळ अंतर कापायला त्याला जवळपास १० मिलिसेकंद पुरेत. पण व्हीपीएनमुळे त्याचा आवाज आधी अटलांटिकपार सुमारे ११,००० किलोमीटर आणि तिथून मुंबईला सुमारे १२,५०० किलोमीटर जातो. केवळ अंतरासाठीच ११५ मिलिसेकंदांहून अधिक लागतात, आणि समुद्रतळाच्या केबली सरळ रेषेत धावत नाहीत. निर्वेध संभाषणासाठी एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचे मार्गदर्शन आहे. चित्राचे संक्षेपण आणि तुकड्यांची जुळवाजुळव यांचा वेळ मिळवला, की ही मर्यादा सहज ओलांडली जाते. दोघे एकाच वेळी बोलू लागतात, दोघेही थांबतात, पुन्हा दोघेही बोलतात.

यावर उपाय म्हणजे ‘स्प्लिट टनेलिंग’. आवाज आणि चित्र सेवादाराच्या जवळच्या सर्व्हरकडे थेट सोडायचे. फाइली, हिशेब, अंतर्गत प्रणाली मात्र व्हीपीएनमधूनच न्यायच्या. टीम्सच्या प्रवाहासाठी मायक्रोसॉफ्टही हाच मार्ग सुचवते. यात सुरक्षा घटते का? बैठकीचा प्रवाह मुळातच कूटबद्ध असतो, त्यामुळे व्हीपीएनचे दुसरे आवरण काढल्याने फारसे बिघडत नाही. मात्र हा निर्णय संस्थेने घ्यायचा असतो. कर्मचाऱ्याने परस्पर व्हीपीएन बंद करणे, हा त्याचा पर्याय नव्हे.

किल्ली कोणाकडे?

‘कूटबद्ध’ या एका शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी लपतात. पहिली, यंत्रापासून सर्व्हरपर्यंतचे कुलूप. वाटेवर कोणी प्रवाह अडवला तरी त्याला तो वाचता येत नाही, पण सर्व्हरवर कुलूप उघडते. दुसरी, टोकापासून टोकापर्यंतचे कुलूप. तिथे मधल्या सर्व्हरकडेही किल्ली नसते.

या दोन अर्थांतील गल्लत किती महागात पडते, हे २०२० मध्ये दिसले. झूमने टोकापासून टोकापर्यंत सुरक्षेचा दावा केला होता. प्रत्यक्षात किल्ल्या कंपनीकडे होत्या. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने त्यावर कारवाई केली आणि नोव्हेंबर २०२० मध्ये तडजोड जाहीर झाली. त्याआधी ऑक्टोबरमध्ये झूमने खऱ्या टोकापासून टोकापर्यंतच्या सुरक्षेची सोय देण्यास आरंभ केला होता.

प्रवेशद्वाराच्या बाबतीत हा भेद निर्णायक ठरतो. दालनातील जुने एच.३२३ यंत्र टीम्सच्या बैठकीत आणायचे, तर मधल्या गेटवेला दुभाष्याचे काम करावे लागते. एका भाषेतील चित्र उलगडून दुसऱ्या भाषेत पुन्हा बांधायचे, तर ते आधी उघडावे लागणारच. दुभाष्याला न ऐकवता भाषांतर करून घेता येत नाही! साध्या दूरध्वनीवरून बैठकीत येणाऱ्याचीही तीच गत : त्या टप्प्यावर आवाज टोकापासून टोकापर्यंत सुरक्षित राहू शकत नाही. म्हणूनच झूमची ती सोय चालू केली, की दूरध्वनीवरून सामील होणे बंद होते. सोय आणि गुप्तता यांतील ही देवाणघेवाण उघडपणे मान्य करूनच निर्णय घ्यावा.

पहारेकरीही माणूसच

आता नाण्याची दुसरी बाजू. मे २०२१ मध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला इंधन पुरवणारी कोलोनियल पाइपलाइन खंडणीखोरांच्या हल्ल्यामुळे बंद ठेवावी लागली. हल्लेखोर एका जुन्या, वापरात नसलेल्या व्हीपीएन खात्यातून आत आले होते. त्या खात्याला केवळ पासवर्डचे संरक्षण होते; दुसरा पडताळा नव्हता. जानेवारी २०२४ मध्ये इव्हान्टी कंपनीच्या व्हीपीएन उपकरणांतील त्रुटींचा इतका गैरवापर झाला, की अमेरिकेच्या सायबरसुरक्षा संस्थेने संघीय खात्यांना ती उपकरणे जाळ्यातून तोडण्याचा आदेश दिला. फेब्रुवारी २०२४ मध्ये सिस्कोला एक्स्प्रेसवेमधीलही गंभीर त्रुटी दुरुस्त कराव्या लागल्या.

तात्पर्य असे, की दरवाजा वेशीवर असतो, म्हणून पहिला घाव त्याच्यावरच पडतो. प्रवेशद्वार बसवले म्हणजे काम संपले, असे नसते. ते अद्ययावत ठेवणे, त्याच्या नोंदी वाचणे आणि सोडून गेलेल्यांची खाती वेळीच मिटवणे, हे रोजचे काम आहे. अमेरिकेच्या प्रमाणसंस्थेने, म्हणजे ‘निस्ट’ने, ऑगस्ट २०२० मध्ये ‘झिरो ट्रस्ट’ची मांडणी प्रसिद्ध केली. तिचा गाभा हाच : एकदा आत आला म्हणून कोणी विश्वासू ठरत नाही. माणूस कोण, यंत्र कोणते आणि हवे आहे ते नेमके काय, हे प्रत्येक वेळी तपासावे.

कायद्याची वेस

आखातातील वाचकांसाठी येथे आणखी एक तट आहे. संयुक्त अरब अमिरातीत इंटरनेटवरून बोलण्याची सेवा नियामकाच्या परवानगीच्या चौकटीत चालते. म्हणूनच व्हॉट्सअॅपवरून गावी बोलता येत नाही, पण टीम्सवर बैठक होते. व्हीपीएन हे साधन स्वतः बेकायदा नाही. आपल्या अंतर्गत जाळ्यापर्यंत पोहोचण्यासाठी कंपन्या आणि बँका ते वापरू शकतात, असे तेथील नियामकाने २०१६ मध्ये स्पष्ट केले होते. पण गुन्हा करण्यासाठी किंवा तो उघडकीस येऊ नये म्हणून खोटा आयपी पत्ता वापरल्यास २०२१ च्या संघीय हुकूम-कायदा क्रमांक ३४ नुसार तुरुंगवास आणि ५ लाख ते २० लाख दिरहमांपर्यंत दंड होऊ शकतो. कंपनीने दिलेले व्हीपीएन कंपनीच्या कामापुरतेच वापरावे आणि बाजारातील फुकटची साधने त्याच यंत्रावर घेऊ नयेत, एवढे पथ्य तरी नक्कीच पाळावे.

आपल्या हातात काय?

संस्थेची रचना आपल्या हाती नसेल, पण वाट निवडणे बहुधा असते. प्रवासात महत्त्वाची बैठक असेल तर हॉटेलच्या वायफायपेक्षा स्वतःच्या मोबाइलचा हॉटस्पॉट बरा; आणि विषय खरोखर गोपनीय असेल, तर अधिकृत यंत्र आणि अधिकृत जोडणी मिळेपर्यंत बैठक पुढे ढकलणे बरे. दुव्यावरून शिरता येत नसल्यास साध्या दूरध्वनीवरून येण्याआधी सर्वांना तसे सांगावे. बैठकीच्या सूत्रधाराने प्रतीक्षाकक्ष चालू ठेवावा आणि नाव नसलेल्या क्रमांकाची ओळख पटल्याशिवाय विषयाला हात घालू नये. दालनातील यंत्र आपोआप कॉल उचलत नाही ना, हे एकदा विचारून घ्यावे. आणि संगणक विभागाला तीन साधे प्रश्न विचारावेत : आमच्या बैठकीचे चित्र कोणत्या देशातून फिरून जाते, ते कुठे उघडले जाते, आणि मी नोकरी सोडल्यावर माझे खाते किती दिवसांत बंद होते?

संगणक विभागांनीही एक गोष्ट ध्यानी घ्यावी. रायगडाचे दरवाजे संध्याकाळी बंद झाले आणि हिरकणी अवघड कडा उतरून घरी गेली, ही आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकत आलो. तटबंदीतील उणीव तिथे शत्रूने शोधली नाही. ती शोधली घरी तान्हे मूल असलेल्या, दरवाजाचा नियम पाळणे अशक्य झालेल्या एका आईने. आख्यायिकेनुसार महाराजांनी तिचा सन्मान केला आणि त्या कड्यावर बुरूज बांधला. आपल्या कार्यालयांतही नियमबाह्य वाटा बहुधा प्रामाणिक आणि घाईत असलेली माणसेच शोधतात : व्हीपीएन चालत नाही म्हणून खासगी खात्यावर घेतलेली बैठक, प्रवेश मिळेना म्हणून व्हॉट्सअॅपवर पाठवलेला करार. अशा वेळी कड्यावर बुरूज तर बांधावाच; पण रात्री घरी जाणाऱ्यासाठी दिंडी उघडी आहे ना, हेही पाहावे. सरळ वाट सुकर असेल, तर कडा उतरण्याची वेळ फारच थोड्यांवर येते.